आधी पाणी, मग गाडी

तेलाच्या कारखान्यात नर्सचं काय काम, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की पुढेपुढे मी "भजी तळते" असं सांगू लागले. निम्म्या लोकांना ते पटायचंही. देवळीच्या रस्त्याला सोयाबीनचं तेल शुद्ध करणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रथमोपचार खोलीत माझी जवळजवळ सगळी नोकरी झाली. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली मोठ्या हॉस्पिटलांत इनचार्ज झाल्या, मेट्रन झाल्या, एक तर मस्कतला गेली आणि तिथून बांगड्यांचे फोटो पाठवत राहिली. मी एका पत्र्याच्या खोलीत एक पलंग, एक स्टूल आणि औषधांचं एक कपाट यांची इनचार्ज होते. तिघांनीही मला कधी उलट उत्तर दिलं नाही.

हॉस्पिटलातली नर्स माणसांनी वेढलेली असते. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, सगळे तिच्या जिवावर उठलेले. माझं त्याच्या उलट होतं. कारखान्यात कुणाला काही झालं तरच मी लागायची. म्हणजे दिवस चांगला गेला याचा अर्थ माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. असे चांगले दिवस माझ्या वाट्याला भरपूर आले. पंख्याची कुरकुर ऐकत, कापसाचे बोळे करत, खिडकीतून सोयाबीनचे ट्रक बघत मी ते काढले. देवाकडे मागायचं तरी काय? कुणीतरी यावं असं मागितलं तर कुणाचा तरी हात भाजायचा.

गड्यांनी मला लांबच ठेवलं होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी प्लांटमध्ये फेरीला निघाले की गप्पा थांबायच्या आणि कुणीतरी विचारायचंच, "काऊन बाई, कोनाचं काई झालं काय?" पाळी सुरू होताना मी पहिली समोर दिसले तर काही जण हळूच खिशातल्या देवाच्या फोटोला हात लावायचे. एकदा मी डबा घेऊन जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसले. सगळे इतके नीट मांडी घालून बसले आणि इतकं हळू चावू लागले की मलाच त्यांची दया आली. पुन्हा गेले नाही.

कवडू नावाचा एक हमाल मात्र चार-आठ दिवसांनी पोट धरून यायचा. दार लोटायचं, "बाई, लय दुखून राह्यलं" म्हणायचं आणि पलंगावर पडून पंख्याकडे बघत राहायचं. नक्की कुठे दुखतं असं विचारलं की दर वेळी नवी जागा दाखवायचा. एकदा तर खांदा दाखवला. मी त्याला औषध म्हणून ओवा द्यायची. ओवा चावत चावत तो गावाकडचं सांगायचा, कुणाची म्हैस कुणाच्या वावरात शिरली, कुणाची सोयरीक मोडली, कुणी कुणाच्या दारावरून जाणं बंद केलं. मुकादमाची हाक आली की खडखडीत बरा होऊन उठायचा. पुढे तो लेकाकडे पुण्याला राहायला गेला. त्यानंतर कुणाच्या तरी पोटदुखीची आशेने वाट पाहणारी मी जगातली एकटी नर्स असेन.

आता कॉस्टिकबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सोयाबीनच्या कच्च्या तेलात एक आंबटपणा असतो. तो काढायला त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळतात. सोडा त्या आंबट भागाला धरतो, त्याचा साबण होऊन खाली बसतो आणि वर स्वच्छ तेल राहतं. हा सोडा गोण्यांतून येतो, पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात. पाण्यात पडला की खाली चूल नसताना पाणी उकळायला लागतं. निवल्यावर मात्र दिसायला निव्वळ पाणी. रंग नाही, वास नाही.

अॅसिड अंगावर पडलं तर माणूस तिथल्या तिथे बोंबलतो. कॉस्टिक पातळ असेल तर आधी काहीच होत नाही. बोटं चोळली तर बुळबुळीत लागतात, साबण लागल्यासारखी. तो खरोखरच साबण असतो, आपल्याच कातडीतल्या चरबीचा. दुखायला लागेपर्यंत तो बराच आत गेलेला असतो. त्यावर औषध एकच, पाणी. वाहतं पाणी, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही. हळद नाही, ताक नाही, लिंबू नाही, तेल तर नाहीच नाही. माझ्या शिक्षणाचा सगळा अर्क एवढाच होता आणि त्याने कुणावरही छाप पडली नाही. "नुसतं पानीच टाकाचं त सिस्टर कायले पाह्यजे?" असं एकाने मला तोंडावर विचारलं होतं.

आमच्याकडचे बहुतेक गडी अर्धा दिवस वावरात आणि अर्धा दिवस कारखान्यात. शेतीची सवय हातापायांत मुरलेली. वावरात चिखल लागू नये, साप-विंचू आत शिरू नये म्हणून पँट गमबुटात खोचतात. तेच ते इकडेही करायचे. कॉस्टिक उडालं की पँटवरून ओघळत सरळ बुटात जायचं. गडी वरून मांडी धुऊन मोकळा व्हायचा, खाली पाऊल बुटात भिजत राहायचं आणि दुखत नाही म्हणून तो पाळी संपेपर्यंत तसाच उभा राहायचा. अशा एकाचा बूट मी काढला तेव्हा मोजा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते मला कळेना. तेव्हापासून फेरीत मी लोकांच्या पायांकडेच बघत जायची. "पँट बुटावरून सोडा, कारखान्यात साप नाही बाप्पा," असं म्हणत जायची. माझ्यामागे ते हसायचे. हसोत, पण निदान पँट बुटाबाहेर काढायचे.

देवराव या सगळ्यांत शहाणा माणूस. सोडा पाण्यात मिसळायची जी शेड असते तिला लाय रूम म्हणतात. देवराव तिथला जुना गडी. ही शेड धोक्याची म्हणून मुख्य इमारतीपासून तोडून बांधलेली, नेमकी माझ्या खोलीसमोर, मधे मोकळं आवार. त्याच्याकडेही विनाकारण कुणी जायचं नाही. त्यामुळे आमची एक लांबूनची ओळख होती. सकाळी तो हात वर करायचा, मी मान हलवायची. कधी जांभळं असली तर कागदात बांधून माझ्या खिडकीत ठेवून जायचा. त्याची पँट कायम बुटावरून, गॉगल कायम डोळ्यांवर. नव्या माणसाला तो एकच धडा द्यायचा, "आधी पानी, मंग सोडा. उलटं केलं त सोडा तोंडावर थुकते."

आणि त्यानेच उलटं केलं.

फवारणीचे दिवस होते. सकाळभर स्वतःच्या सोयाबीनवर फवारा मारून देवराव दुपारच्या पाळीला आला होता. फवारणीचं औषध आमच्याकडे कसं करतात ते सांगते. बादलीत आधी औषध ओततात, वरून पाण्याची धार सोडतात म्हणजे ते आपोआप मिसळतं, मग वाकून तुराटीने, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीने, ढवळतात आणि पंपात भरतात. सकाळपासून त्याच्या हातांनी हेच केलं होतं. त्या दुपारी फरशीवरचा तेलाचा थर काढायला बादलीभर सोड्याचं पाणी हवं होतं. टाकी भरायची असती तर तो सावध राहिला असता. काम बादलीचं होतं आणि हातांनी डोक्याला विचारलंच नाही. त्याने बादलीत आधी सोडा टाकला, वरून पाणी ओतलं आणि ढवळायला खाली वाकला. उकाड्याने घाम येऊन काच धुरकटते म्हणून गॉगल कपाळावर चढवलेला.

मी खिडकीतून पाहिलं तेव्हा देवराव आवारात गोल गोल फिरत होता. ओरडत नव्हता. दोन्ही हात पुढे करून, अंधारात कडी शोधावी तसा चाचपडत होता.

मी धावले. शेडच्या भिंतीला रबरी नळी होती. त्याचा शर्ट फाडून काढला, त्याला जमिनीवर पाडलं, डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी सोडलं. डोळ्याचं कठीण असतं. काही उडालं की डोळा आपोआप गच्च मिटतो आणि सोड्याला आत कोंडून घेतो. तो बोटांनी उघडावा लागतो, आणि उघडाच ठेवावा लागतो. माणूस जिवाच्या आकांताने तो मिटू पाहतो आणि आपण त्याच्याशी कुस्ती खेळतो. देवराव लाथा झाडत होता, शिव्या देत होता, माझे हात ओरबाडत होता. "वर पाहा. खाली पाहा. देवराव, माझ्याकडे पाहा!" मी एवढंच ओरडत होते.

तोवर सगळा कारखाना जमला. ज्यांनी मला कधी हाक मारली नव्हती ते सगळे एकाच वेळी माझ्याशी बोलू लागले. कुणीतरी गाडी चालू करून अगदी जवळ आणून लावली. देवरावचा चुलतभाऊ रमेश पॅकिंगमध्ये होता. तो रडतच आला आणि देवरावला खांद्याला धरून ओढू लागला.

"सोडा न त्याले, बाई! सावंगीले नेऊ द्या!"

"आधी पाणी, मग गाडी."

"डोये चालले त्याचे, अन् तुमी आंघोय काय घालून राह्यल्या?"

"रमेश, हात काढ. हात काढ नाहीतर नळी तुझ्या तोंडात घालीन."

एक जण कँटीनमधून अर्धं लिंबू घेऊन आला, लिंबाने सोडा मरतो म्हणून. ते मी त्याच्या हातातून हिसकावून भिंतीपलीकडे फेकलं. सावंगीचं हॉस्पिटल लांब नाही आणि तिथले डॉक्टर चांगले आहेत. पण तेही आधी पाणीच ओतणार होते, आणि वाटेत सोड्याने आपलं काम थांबवलं नसतं. हे त्या घोळक्याला समजावून सांगायला वेळ नव्हता. मी शिव्या दिल्या. माझ्या तोंडून त्या दिवशी जे निघालं ते नर्सिंगला शिकवत नाहीत. माझी बोटं आखडली, पायांना मुंग्या आल्या, गाडीचं इंजिन घुरघुरत राहिलं आणि मी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. शेवटी मीच त्याला गाडीत घेतलं आणि सावंगीपर्यंत सलाईनची बाटली त्याच्या डोळ्यांत सोडत गेले.

कॉस्टिकने भाजलेला डोळा आधी ठीक वाटतो आणि नंतर दगा देतो. देवरावचा डावा डोळा वाचला. उजव्यावर त्या दिवसापासून पट्टीच होती आणि पट्टीखाली बुबुळ हळूहळू पांढरं होत गेलं. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही.

मग कारखान्यात कुजबुज सुरू झाली. सिस्टरनं गाडी अडवली, म्हून डोया गेला. माझ्यासमोर कुणी म्हणालं नाही, पण पत्र्याच्या खोलीत आवाज चांगला येतो. डॉक्टर मला म्हणाले होते की डावा राहिला तो पाण्यामुळेच. पण ते मला एकटीला म्हणाले होते, वॉर्डाबाहेर, चालता चालता. ते मी कुणाला सांगणार? स्वतःच्या वतीने स्वतःच साक्ष द्यायची मला लाज वाटली.

मी त्याला बघायला वॉर्डात गेले. त्याच्या बायकोने स्टूल पुढे केलं, थर्मासमधला चहा दिला आणि पदर तोंडाशी धरून बसून राहिली. देवराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला असेल असं मला वाटलं. मग त्याने पायावरची चादर नीट केली, म्हणजे जागा होता. मी चहा संपवला आणि निघाले.

बरा होऊन आल्यावर त्याला वजनकाट्यावर काम दिलं. काट्याची केबिन फाटकाशी. रोज सकाळी मला तिच्यावरूनच जावं लागायचं. मी जवळ आले की देवराव ट्रकच्या पावत्यांत डोकं घालायचा. हात वर करणं संपलं, जांभळं संपली. एकदा मी मुद्दाम थांबले.

"देवराव, डोळ्यात थेंब घालता न?"

"हो बाई."

"बरं वाटतं?"

"हो बाई." आणि तो उठून आतल्या बाजूला गेला.

वर्षं गेली. मला त्याचा राग यायचा. नालवाडीच्या माझ्या दोन खोल्यांत भाकरी थापताना मी त्याच्याशी मोठमोठ्याने भांडायची. मी काय हौसेने थांबवली होती गाडी? माझे हात ओरबाडलेले दिसले नाहीत तुला? आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाच शंका यायची. शिकलेलं सगळं एकीकडे आणि तो पांढरा डोळा एकीकडे. रोज सकाळी फाटकातून आत जाताना तो डोळा मला दिसायचा. त्याने एकदा म्हणावं, तुमचं चुकलं नाही. नाहीतर म्हणावं, चुकलं. काहीतरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कुणी सांगून माझं समाधान झालं नसतं, कारण डोळा त्याचा गेला होता.

माझा शेवटचा दिवस आला. शाल-श्रीफळ झालं, समोसे झाले. साहेबांनी भाषणात माझं आडनाव चुकवलं आणि मीही इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग खोलीत येऊन कपाट रिकामं करत होते, तर दारात देवराव उभा. इतक्या वर्षांत त्या खोलीच्या दाराशी तो पहिल्यांदा आला होता.

"येऊ काय, बाई?"

"या न."

तो आत आला, पण बसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"चालल्या मंग?"

"चालले."

"मले माफी मांगाची होती."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "कसली माफी?"

"त्या दिवशी मी तुमाले लय वंगाळ बोललो, बाई. मायवरून बोललो. सारे आयकून राह्यले होते. तुमी माह्यासाठी एवढ्या मरून राह्यल्या होत्या, अन् मी असं बोललो. आमची घरची लय वेळा म्हने, जा, पाया पडून या. पन कोन्त्या तोंडानं येऊ? तुमी दिसल्या का जमिनीत गडून जावं वाटे."

मी स्टूलवर बसले. भाजलेला माणूस शिव्या देतोच. देत नसला तर आम्हाला काळजी वाटते. त्याने दिलेल्या शिव्यांतला एक शब्दही मला आठवत नव्हता.

"म्हणून तोंड फिरवायचे तुम्ही?"

"हो न."

"मला वाटलं, मी गाडी अडवली त्याचा राग आहे. माझ्यामुळे डोळा गेला असं लोक म्हणत होते."

"कोन म्हन्ते?" देवराव एकदम चिडला. "पानी नसतं टाकलं त दोनी गेले असते, असं मोठे डागदर म्हने. मी कामावर आलो त्याच दिवशी सांगतलं साऱ्यायले. रमेशले त शिव्याच देल्या. तुमाले नाई सांगतलं कोनी?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? सांगायला माझ्याशी कुणी बोलत कुठे होतं? बातमी सगळ्या कारखान्याला पोचली आणि एवढं आवार ओलांडून माझ्यापर्यंत आली नाही. त्याला माझी लाज आणि मला त्याची भीती, यात आमची इतकी वर्षं गेली. मला हसूही आलं आणि त्या वाया गेलेल्या सकाळींचं फार वाईटही वाटलं. आम्ही दोघं नुसता हात वर करत राहिलो असतो तरी चाललं असतं.

तो जायला वळला आणि दारात थांबला.

"लोकं इचारते मले, या डोयानं आता काईच नाई दिसत काय? मी म्हन्तो, दिसते न. शेवटी जे पाह्यलं तेच दिसून राह्यलं."

"काय पाहिलं शेवटी?"

"तुमचं तोंड, अजून काय? केस सुटलेले, पानी टपकून राह्यलं, अन् तोंड हे एवढं उघडं. माह्याकडे पाहा, माह्याकडे पाहा, असं वरडून राह्यल्या." तो हसला. "अजून पाहूनच राह्यलो, बाई."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. आता मी नालवाडीत असते. दार वाजत नाही, फोन वाजला तर तो कर्ज हवं का विचारणाऱ्या मुलीचा असतो. देवळीला एकदा जाईन म्हणते, अजून गेलेली नाही. पण तिकडच्या एका गावात एका माणसाच्या गेलेल्या डोळ्यात मी आहे, केस सुटलेली, चिडलेली, ओरडणारी. आयुष्यात माझ्याकडे इतका वेळ दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.